पट्ट्यांची कालवड

नोव्हेंबरचा तिसरा रविवार, सकाळ. स्थळ: कॉलेजच्या मैदानाला लागून असलेली सामानाची खोली.

हजर: निर्मला, माझ्या वेळच्या संघातली, धामणगाव बढ्याहून पहिल्या गाडीनं आलेली. पायल, मुलींच्या खो-खो संघाची आत्ताची कर्णधार, आणि तिच्या मागे दारात दाटीनं उभा असलेला तिचा संघ. शबाना, शिवणकामवाली. मी, माजी खेळाडू मंडळाची चिटणीस. आणि टेबलावर एक टोपी. प्राचार्य येतो म्हणाले होते, अजून आले नव्हते. आम्हाला खेळवणारे इंगळे सर आणि ती टोपी शिवणारे युसूफचाचा यांची नावं मी सवयीनं हजेरीत लिहिली, आणि मग लक्षात आलं की दोघंही आता नाहीत. तरी खोडली नाहीत. त्या टोपीवर दोघांचा हक्क आमच्यापेक्षा जास्त आहे.

कापसाची पहिली वेचणी आणि कॉलेजांचे सामने आमच्याकडे एकाच वेळी येतात. दिवाळीचे दिवे काढून ठेवले, की सकाळी बुलढाण्याला जरा बोचरी थंडी पडायला लागते, रस्त्यानं कापसानं फुगलेल्या गाड्या जायला लागतात, बाभळीच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकलेले दिसतात. आणि मैदानावर चुन्याची फक्की पडते. ताज्या फक्कीचा तो कोरडा, जरा घशात बसणारा वास आला, की माझा हात अजूनही खांद्यावरची पिशवी चाचपतो. मी राखीव खेळाडू होते. मला खेळायला मिळेल का, ही एक काळजी आणि मिळालं तर काय, ही दुसरी. दोन्हींचा मुक्काम त्या पिशवीतच असायचा.

राखीव खेळाडूकडे सामानाची पिशवी असते. गुडघ्याच्या पट्ट्या, हळद, टिंक्चरची बाटली, शेंगदाणे-गुळाचा डबा आणि टोप्या. खो-खो टोपी घालून खेळता येत नाही, पहिल्याच वळणाला ती उडते. पण सामन्यांच्या पहिल्या दिवशी सगळ्या संघांचं संचलन असायचं. त्यात बाकीच्या संघांच्या डोक्यावर टोप्या असत आणि आम्ही मुली मात्र नुसत्या वेण्या घालून चालायचो. आमच्या इंगळे सरांना ते खटकलं. आपल्या मुलींनाही टोपी पाहिजे, आणि तिच्यावर वाघीण पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. सरांनी एकदा ठरवलं, की त्यात कानामात्रेचाही बदल होत नसे.

टोप्या शिवायचं काम गेलं युसूफचाचांकडे. बाजारात त्यांचं अरुंद दुकान होतं, आणि सगळ्या घाटावर त्यांचं नाव होतं ते पोळ्याच्या झुलींसाठी. बैलाच्या पाठीवर टाकायची ती लाल, जांभळी, आरसे लावलेली, गोंडे सोडलेली झूल. पोळ्याच्या आधी महिनाभर त्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. पोळा झाला, की उरलेलं कापड पोत्यात भरून माळ्यावर जायचं. तेच कापड सरांनी स्वस्तात पटवलं. काडेपेटीवरचं वाघाचं चित्र नमुना म्हणून चाचांच्या हातात दिलं आणि निर्मलाला अन् मला टोप्या आणायला पाठवायचा दिवस सांगून निघून आले.

तो दिवस म्हणजे संचलनाची आदली संध्याकाळ. चाचांनी पहिली टोपी काढून आमच्या पुढ्यात ठेवली. डाळिंबी रंगाचं दाट कापड, आतून पिवळं अस्तर, बसायला झकास. आणि समोर ती. भरलेले पट्टे होते, काळेभोर, एकासारखा एक. पण पट्ट्यांच्या मधून जे तोंड आमच्याकडे बघत होतं त्याला लांब पापण्या होत्या. ओली, मोठी नाकपुडी होती. कान दोन्हीकडे आडवे गेले होते. कपाळाच्या मधोमध एक गोल आरसा होता आणि त्याच्याखाली पिवळा गोंडा, कारण कपाळ मोकळं सोडायची चाचांच्या हाताला सवयच नव्हती.

निर्मला शेतकऱ्याच्या घरची. तिनं टोपी उजेडात धरली, वळवून पाहिली, आणि शांतपणे म्हणाली, "चाचा, हे वाघीण नाही हो. हे तं आमच्या गोठ्यातली कालवड हाये."

चाचांनी चष्मा वर सरकवला. "शेर कहां देखा मैंने, बेटी? सारी जिंदगी झूल सीने में गयी." मग टोपीकडे बघत, जरा दुखावलेल्या आवाजात, "पट्टे तो डाले ना?"

पट्टे होतेच. त्याला कुणाचा इलाज नव्हता.

सरांनी टोप्या पाहिल्या, त्यातली एक हातभर लांब धरली. मग म्हणाले, लांबून वाघीणच दिसेल. दुसऱ्या दिवशी संचलनाला लांब असं कुणी उभंच नव्हतं. घाटाखालच्या संघाजवळून आम्ही गेलो तशी दोरीपलीकडून हंबरण्याचा आवाज आला. आधी एक, मग सगळी रांग. घाटावरचे आणि घाटाखालचे हा आमच्या जिल्ह्यातला जुना मामला आहे. आम्ही थंड हवेचे म्हणून मिरवणार, ते आमच्या चढावर हसणार. एका पोरानं ओरडून विचारलं, चारा टाकू का. निर्मलानं मान न वळवता, चालता चालता उत्तर दिलं, "टाक ना बे. पण मांगून येऊ नको, लाथ मारते हे."

ती लाथ त्यांना दुपारी बसली. निर्मला धावायला उतरली, की तिला पकडणं म्हणजे दावं तोडलेलं जनावर पकडण्यासारखं होतं. ती म्हणायची, मी कुठं काय शिकले, आमच्या कालवडी मले शिकवून गेल्या. संध्याकाळी गोठ्याच्या दारात त्या थांबतात, आत जातो असं दाखवतात, आणि तुम्ही बाजूला झालात की भलतीकडून निसटतात. ती तेच करायची. खांबाजवळ यायची, पाय रोवायची, पकडणारी मुलगी अंग टाकायची, आणि निर्मला तिथं नसायची. दोरीपलीकडचं हंबरणं हळूहळू बदलत गेलं. शेवटच्या डावाला तर ती पोरं तिच्या प्रत्येक वळणाला आनंदानं हंबरत होती. पुढे आम्ही अंतिम सामना थोडक्यात हरलो. पण त्या दिवसानंतर आम्हाला कुणी वाघिणी म्हटलं नाही. सगळे म्हणायचे, पट्ट्यांची कालवड आली.

तेव्हापासून मला लोकांच्या टोप्यांकडे बघायची खोड लागली. संघाचं चिन्ह कुठून येतं, याचा मी माझ्यापुरता बराच शोध घेतला आहे, आणि माझं मत असं, की सरांच्या मनात काय आहे यापेक्षा शिंप्याकडे काय उरलंय आणि गावाला काय खपतंय यावरच ते ठरतं. घाटाखालच्या मुलींचा गरूड एका सायकल दुकानाच्या पाटीवरून उतरवला होता. अर्ध्या टोप्यांवर तो डावीकडे बघायचा, अर्ध्यांवर उजवीकडे, त्यामुळे त्यांचा संघ रांगेत बसला की आपापसात भांडण झाल्यासारखा दिसायचा. कबड्डीच्या एका संघाला गदा होती, कारण ते सगळे एकाच तालमीतले आणि मारुतीशिवाय दुसरं काही डोक्यावर घ्यायला तयार नव्हते. एका कॉलेजनं मुलींसाठी फणा काढलेला नाग केला, तर आयांनी तो डोक्यावर चढूच दिला नाही. मग तो सदऱ्याच्या खिशावर गेला, तिथून पुढच्या वर्षी गायब झाला.

आणि आमच्याच कॉलेजच्या मुलांचा रोही, म्हणजे नीलगाय. चपळ प्राणी, लांब उड्या, म्हणून क्रिकेटच्या पोरांनी मोठ्या हौसेनं तो टोपीवर छापून घेतला. आता आमच्याकडे रोही म्हणजे कोण, तर रात्रीत अख्खा हरभरा चरून जाणारा. ज्याच्यासाठी बाप थंडीत मचाणावर डबा वाजवत बसतो, तोच डोक्यावर मिरवत पोरगा घरी आला. एका मुलाच्या आजोबांनी म्हणे त्याला टोपीसकट अंगणातच थांबवलं. पुढच्या वर्षी त्यांच्या टोप्या कोऱ्या होत्या.

सामन्यांच्या शेवटच्या दिवशी एक पद्धत होती. बक्षिसं झाली, की मैदानाच्या कडेच्या कडुनिंबाखाली सगळे संघ टोप्या बदलायचे. कुणी सुरू केलं माहीत नाही. जिच्याशी जास्त भांडलीस तिच्याशी बदलायची, एवढाच नियम. त्या वर्षी आमच्या टोप्यांना भलतीच मागणी आली. सगळ्यांना कालवड पाहिजे होती. माझी मी एका गरुडाला दिली. तो उजवीकडे बघणारा गरूड यंदापर्यंत माझ्या कपाटात होता, चोचीचा दोरा जरा सुटलाय. अशा रीतीनं आमच्या कालवडी जिल्हाभर पांगल्या. काही वर्षांनी मी एका लग्नासाठी संग्रामपूरकडे गेले, तर सातपुड्याच्या पायथ्याला, ज्वारीच्या शेतात, एका बुजगावण्याच्या डोक्यावर डाळिंबी टोपी. मी गाडी थांबवायला लावली. तीच होती. पापण्या उन्हानं उडालेल्या, आणि गोंड्यावर एक पोपट आरामात बसलेला.

फक्त निर्मलानं टोपी बदलली नाही. घाटाखालची कर्णधार स्वतः चालत आली होती मागायला. निर्मला म्हणाली, "मले दुसरी देशीन तं मी घालनार नाही. मंग बदलू कशाले?" तिचं लग्न ठरलं होतं. वेचणी झाल्यावर ती धामणगाव बढ्याला गेली, ती टोपी घेऊन.

हे सगळं उकरून काढायचं कारण यंदाचं. कॉलेजनं खेळासाठी नवे गणवेश मंजूर केले आणि संघाला नवं चिन्ह पाहिजे म्हणून ठरलं. चिन्ह काय, तर वाघ. पुण्याहून कुणीतरी चित्र काढून पाठवलं, दात बाहेर, डोळ्यांत लाल ठिणगी. मंडळाच्या वतीनं मी प्राचार्यांना सांगितलं, की आपल्या मुलींच्या संघाचं चिन्ह आधीच आहे, आणि ती कालवड आहे. ते सज्जन आहेत, हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरचा आमचा जुना फोटो दाखवला. पिवळा पडलेला, त्यात टोप्या नखाएवढ्या आलेल्या. "पट्टे दिसतात, मॅडम. वाघच आहे." मी म्हटलं, खरी टोपी आणून दाखवते. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात ऑर्डर जाते, त्याच्या आत आणा. पटली तर कालवड, नाही तर वाघ. आणि दालनात काचेचं कपाट करतोय, त्यात ती टोपी कायमची ठेवू.

कायमची, हा शब्द मी वहीत जसाच्या तसा लिहून घेतला. त्याचा त्रास होईल हे तेव्हा लक्षात आलं नाही.

मी राजूर घाट उतरून मोताळ्यामार्गे धामणगाव बढ्याला गेले. घरी कळलं, निर्मला शेतात आहे. कापूस उभा होता, कमरेएवढा, आणि त्यात वाकलेल्या बायका दिसायच्या फक्त पाठीनं. कोणती निर्मला, ते ओळखू येईना. मग कापसाच्या मधून एक चकाकी आली. गेली, परत आली. मी तिकडे चालायला लागले. बांधावरून उतरले आणि तिच्यासमोर उभी राहिले, तर पदर डोक्याला गुंडाळलेला, कमरेला कापसाची ओटी फुगलेली, आणि पदराच्या वर ती टोपी. डाळिंबी रंग विटेचा झाला होता. कडा दुसऱ्या कापडानं बांधल्या होत्या. पण कपाळावरचा आरसा शाबूत होता, आणि त्या पापण्या माझ्याकडे तशाच बघत होत्या.

"तू? आन् एवढ्या दूर कशाले आली वं?" तिनं विचारलं. मी सांगितलं, तुझ्यासाठी आणि टोपीसाठी. तिनं माझ्या हातातल्या वहीकडे बोट केलं. "यादीत पयले कोनाचं नाव लिवलं?"

टोपीचं होतं. तिनं वही मागून पाहिलं आणि अर्धा बांधभर हसली.

मग आम्ही तुरीच्या सावलीत बसलो, भाकर-ठेचा खाल्ला, आणि मी मुद्द्यावर आले. काचेचं कपाट ऐकून तिचा हात थांबला. मी तयारीनं गेले होते. बुलढाण्याच्या बाजारातून नवी उन्हाची टोपी आणली होती, हलकी, धुता येणारी. ती तिनं घातली, काढली, आणि शेजारी बसलेल्या सासूबाईंच्या डोक्यावर ठेवली. त्यांना ती छान दिसली. मला वाटलं होतं ती टोपीला आठवण म्हणून जपत असेल. तसं काही नव्हतं. ती रोज वापरते.

"हे घातली का मी धावते," ती म्हणाली. "गाय सुटली तं घरची पोरं बांधावर उभी राह्यतात, आन् मीच जाते मांगं. सगळ्या शेतात लोकायले मालूम हाये, चमकली म्हंजे निर्मलाबाई पळून राह्यली. काचेत ठेवली तं काय चमकन ते?"

मग वाघ येऊ दे का, असं मी विचारलं. तेही तिला चालणार नव्हतं. पुण्याचं चित्र मी मोबाइलवर दाखवलं तेव्हा तिनं स्क्रीन दूर धरली आणि याले दवाखान्यात न्या म्हणाली. ती बोंडाची टोचरी पाकळी नखानं सोलायला लागली. शेवटी म्हणाली, टोपी मी सोता घेऊन येते. पयले पोरी कशा धावतात ते पाहते. धावत असतील तं बोलू.

म्हणून तो रविवार. मैदानावर फक्की ताजी होती, गवतावर दव होतं. निर्मलानं पदर खोचला, चपला काढल्या, आणि सरळ पकडणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसली. या वयात, असं मी म्हणायच्या आतच तिला खो मिळून ती उठली होती. पायल धावायला होती. निर्मला खांबाशी तिच्या अगदी जवळ पोचली, हात टाकला, आणि पायल तिथं नव्हती. निर्मला फक्कीवर पसरली. सगळा संघ धावत आला. ती उताणी पडून, केसांत चुना, जोरजोरात हसत होती, आणि हसता हसता विचारत होती, गोठा हाये का तुह्या घरी? गोठा नव्हता, पायल बसस्टँडमागे राहते. पण तिच्या गल्लीत रिक्षा फार.

मग खोलीत सगळ्यांनी टोपी पाहिली, आणि खरं सांगायचं तर मुलींना आधी हसू आलं. एक हळूच म्हणाली, लोक चिडवतील. मी काही बोलणार होते, पण निर्मलानं डोळ्यानं गप्प केलं. पायलनं टोपी डोक्यावर चढवली, मोबाइलमध्ये स्वतःला पाहिलं, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. आरसा भिंतीवरून फिरला.

"मागच्या साली विभागाले गेलो ना मॅडम, तं अर्ध्या टीमा वाघिणी होत्या," ती म्हणाली. "कोनी ओरडलं 'चलो वाघिणी', का समद्याच मागं पाहत. कालवड एकच राहीन. आपल्याले ओरडलं, हे तं समजन."

इतका व्यवहारी मुद्दा मला स्वतःला सुचला नव्हता याचं वाईट वाटलं. प्राचार्य उशिरा आले. त्यांनी टोपी हातात घेतली, पापण्या पाहिल्या, नाकपुडी पाहिली, गोंड्याला बोट लावलं आणि म्हणाले, याला वाघ म्हणणं अवघड आहे. ऑर्डर थांबली. दात बाहेर काढलेला प्राणी पुण्याला परत गेला.

टोप्या शिवायच्या होत्या शबानाला. ती युसूफचाचांची मुलगी, त्याच दुकानात ब्लाऊज शिवते आणि कोपऱ्यात भरतकामाचं मशीन ठेवलंय. तिनं टोपी उलटी करून बापाचे टाके बराच वेळ पाहिले. मी विचारलं, पट्टे ठेवायचे का. आता ती कालवडच आहे, तर पट्ट्यांचं काय काम. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पेन बंद केलं. "अब्बा ने डाले थे. डालने पडेंगे."

नमुन्यासाठी टोपी तिच्याकडे राहणार होती. निर्मला ती देताना नुसतं म्हणाली, दुसरी वेचणी लागायच्या आत पाठव. कपाटाचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. ती दुपारच्या गाडीनं गेली, सासूबाईंची नवी टोपी डोक्यावर घेऊन.

नव्या टोप्या झाल्या. चेहरा मशीननं भरला, पण डोळे शबानानं हातानं केले, कारण मशीनला त्या पापण्या जमेनात. मुली त्या घालून घाट उतरून गेल्या आणि, पायलनं परतीच्या गाडीतूनच फोन केला, दोरीपलीकडून कुणीतरी हंबरलंसुद्धा. कोण ते माहीत नाही. एखाद्या मुलीचा बाप असावा, त्या काळातला. संघानं एक टोपी जास्तीची शिवून घेतली, आत पिवळ्या अस्तरावर सगळ्यांनी नावं भरून, निर्मलासाठी.

काचेचं कपाटही तयार आहे. आत दिवा आहे, गदेची टोपी आहे, माझा गरूड उजवीकडे बघतोय. मधली खुंटी रिकामी, खाली मी चिठ्ठी लावली आहे: पट्ट्यांची कालवड. प्राचार्य रोज जाता-येता त्या खुंटीकडे बघतात.

माझ्या कामांच्या यादीत आता एवढंच उरलं आहे. दोन्ही टोप्या पिशवीत घालून धामणगाव बढ्याला जायचं, दोन्ही निर्मलापुढे ठेवायच्या, आणि ती जी डोक्यावर घालील ती सोडून दुसरी घेऊन यायची. काल घाट चढून आलेल्या एकानं सांगितलं, तिकडे दुसरी वेचणी लागली. पिशवी दाराशी ठेवली आहे. अजून गेले नाही.